नाव तोंडाचे, रोग आतड्याचा

१/ सोलापूरच्या सात रस्त्यावर कुणाला सहज सांगावे, ‘तोंड आलंय हो’, की सल्ले सुरू होतात: उष्णता झाली असेल, गुलकंद खा, जाईची पाने चघळा. बहुतेकांचे फोड आठ-दहा दिवसांत बरेही होतात. पण काहींना ते पुन्हा पुन्हा येतात आणि कधी कधी त्यांचे मूळ लहान आतड्यात असते. हे माणसाला कसे उमगले, त्याचा हा इतिहास.

२/ सुमारे दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटियस याने अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या अंगी अन्न लागत नाही आणि जे जुलाबाने क्षीण होतात. ग्रीक भाषेत पोट म्हणजे ‘कोइलिया’, त्यावरून ‘सीलिॲक’.

३/ १७५९ मध्ये विल्यम हिलरी याने बार्बाडोस बेटावरील एका आजाराची नोंद केली: जुनाट जुलाब आणि सोलवटलेले तोंड. १८८० मध्ये पॅट्रिक मॅन्सन याने अशा आजाराला ‘स्प्रू’ म्हटले. हा मूळ डच शब्द तोंड येण्याचाच! पुढे प्रौढांतील सीलिॲकलाही ‘स्प्रू’ म्हणू लागले. रोग आतड्याचा, नाव मात्र तोंडाचे.

४/ १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी याने लिहिले की हा रोग बरा झालाच, तर तो आहारानेच होईल. पण कोणत्या आहाराने? १९२४ मध्ये सिडनी हास याने मुलांना केळी खाऊ घातली. मुले सुधारली, श्रेय केळ्यांना मिळाले. खरे कारण ताटात जे नव्हते, त्यात होते.

५/ ते ओळखले डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके याने. गव्हाचा संशय त्याला युद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले सावरली. पाव परतला, तसा आजारही परतला. १९५० च्या प्रबंधात त्याने गव्हावर बोट ठेवले.

६/ मग तोंड का येते? या उत्तराचा एक धागा महाराष्ट्रात आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स मुंबईत आली. सोलापूरसारख्याच गिरण्यांच्या त्या शहरात गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे आज आपण ओळखतो ते फोलेट.

७/ सीलिॲकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. अन्न शोषणारे सूक्ष्म उंचवटे झिजतात. लोह, फोलेट, बी-१२ कमी पडतात. तोंडाचे अस्तर झपाट्याने नवे होत असल्याने ही तूट तेथे लवकर दिसते. म्हणून मलम वेदना शमवते, पण फोड परत येऊ नयेत यासाठी ग्लूटेन कायमचे सोडावे लागते आणि कमतरता भरून काढावी लागते.

८/ येथे सोलापूरकर भाग्यवान! मोहोळला निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ज्वारी ही या मातीची ओळख, आणि ज्वारीत ग्लूटेन नसते. पण ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिथले ज्वारीचे पीठ अशा रुग्णाला चालत नाही. डबीतल्या हिंगातही मैदा असू शकतो. तोंड आलेले असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी दूर ठेवावी. दुधात कुस्करलेली मऊ भाकरी किंवा बिनतिखट आंबील बरी.

९/ मात्र प्रत्येक फोड सीलिॲकचा नसतो. संशय असल्यास तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. सोडल्यास रक्ततपासणीत रोग लपतो. तीन आठवड्यांत न भरणारा फोड डॉक्टरांना दाखवावाच.

१०/ तोंडाकडे पाहून ठेवलेले नाव मागे पडले, तरी तोंडाची साक्ष खोटी नव्हती. वारंवार तोंड येणाऱ्या माणसाला गुलकंद जरूर द्या. पण पोटाचे काय, थकवा येतो का, हेही एकदा विचारा.