तळटीप : आळे

३. आळे : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातले गाव. लेखक ‘आळ्याला गाडी बदलली’ असे लिहितात तेव्हा त्यांना अभिप्रेत आहे तो आळेफाटा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. फाट्याच्या गजबजाटात मूळ गाव हल्ली विसरले जाते, एवढेच.

शब्द म्हणून ‘आळे’ म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती केलेली मातीची वाटोळी खोलगट जागा. संस्कृत ‘आलवाल’शी नाते सांगणारा शब्द. कडेला बोटभर उंच वरंबा, आत ओतलेले पाणी हळूहळू मुळाशी जिरते. आसपासची पिंपळवंडी, उंब्रज, बोरी ही नावे पिंपळ, उंबर, बोर यांची आठवण देणारी. त्यांच्या पंगतीला आळे शोभते खरे. गल्ली या अर्थाची ‘आळी’ मात्र वेगळी. अनेकवचनी ‘आळ्या’ आणि ‘आळ्याला’ यांतही गल्लत नको.

वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे ते रेड्यामुळे. पैठणला ज्ञानदेवांनी (समाधी १२९६) ज्याच्या मुखी वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर इथे निमाला, अशी परंपरा आहे. त्याच्या समाधीचे मंदिर गावात आहे. पुढच्या परिच्छेदातला ‘रेडोबा’ तो हाच.