थ्रेड: नाशिकला शिकलेली याओ मुले आणि बांटू भाषाकुल

१/१९
१८ एप्रिल १८७४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा दफनविधी झाला. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत स्टॅन्ली, डॉ. कर्क अशी नामवंत मंडळी होती. त्यांच्या बरोबरीने जेकब वेनराइट नावाचा एक आफ्रिकी तरुण होता. त्याचे शिक्षण आपल्या नाशिकला झाले होते. त्याची मातृभाषा होती याओ. आजचा थ्रेड या भाषेविषयी, तिच्या बांटू भाषाकुलाविषयी आणि मुंबई-नाशिकशी जडलेल्या तिच्या नात्याविषयी.

२/१९
'सिदी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जंजिरा उभा राहतो. मी ट्रॉम्बेला राहतो. येथील धक्क्यावरून दिसणारे पाणी म्हणजे मुंबई बंदराचाच उत्तरेकडील भाग. १६७० च्या दशकात जंजिऱ्याच्या सिदीचे आरमार पावसाळ्यात याच बंदरात आसऱ्याला येत असे. पुढे १६८९ साली सिदी याकूतखानाने मुंबईवरच स्वारी केली. हा इतिहास बहुतेकांना परिचित आहे. परंतु 'सिदी' या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे झाकली गेली, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

३/१९
दख्खनमधील सर्वांत प्रसिद्ध हबशी म्हणजे मलिक अंबर (मृत्यू १६२६). त्याचा जन्म आजच्या इथिओपियातील, आणि तो ओरोमो समाजातील असल्याचे सामान्यतः मानले जाते. ओरोमो ही कुशिटिक शाखेची भाषा. इथिओपियाचीच अम्हारिक ही सेमिटिक शाखेची. या दोन्ही शाखा आफ्रो-आशियाई कुलात मोडतात; म्हणजे अरबी आणि हिब्रू या त्यांच्या नात्यातल्या भाषा. बांटू भाषांशी त्यांचा कौटुंबिक संबंध नाही.

४/१९
एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोदीत हमाली करणारे, आगबोटींच्या भट्टीत कोळसा ओढणारे जे 'सिदी' दिसतात, त्यांच्यापैकी बहुसंख्य पूर्व आफ्रिकेच्या दक्षिण भागातून, किल्वा आणि झांझिबारमार्गे आलेले होते. त्यांच्या भाषा याओ, माकुआ, न्यांजा, स्वाहिली, सगळ्या बांटू. मलिक अंबर आणि गोदीतला सिदी समोरासमोर आले असते, तर मातृभाषेत त्यांचा संवाद मुळीच होऊ शकला नसता. मराठी आणि तमिळ बोलणाऱ्या दोघांचा होत नाही, तसा.

५/१९
एक सोपी कसोटी घ्या: 'तीन' हा आकडा.
स्वाहिली: तातू
याओ: तातू
न्यांजा (चिचेवा): तातू
झुलू: थाथू
आता इथिओपियाकडे वळू.
अम्हारिक: सोस्त
ओरोमो: सदी
पहिल्या चार भाषा सख्ख्या बहिणी आहेत, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. मात्र एका शब्दावरून कुल ठरत नाही. खरा पुरावा व्याकरणात असतो.

६/१९
मराठीत नामाला तीन लिंगे आहेत आणि विशेषण-क्रियापद त्यांच्यामागून चालतात: मोठा घोडा आला, मोठी गाय आली, मोठे वासरू आले. बांटू भाषांत हेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की वर्ग तीनऐवजी दहा-पंधरा असतात आणि खूण शब्दाच्या शेवटी न लागता आरंभी लागते.
स्वाहिलीत: 'कितू किमोजा किमेआंगुका' = एक वस्तू पडली.
'वितू विविली विमेआंगुका' = दोन वस्तू पडल्या.
'कि' आणि 'वि' ही खूण नामापासून क्रियापदापर्यंत कशी सोबत येते ते पाहा.

७/१९
माणसांचा वर्ग वेगळा. 'माणूस – माणसे' ही जोडी चार भाषांत अशी:
स्वाहिली: म्तू – वातू
याओ: मुन्दू – वान्दू
न्यांजा: मुन्थू – अन्थू
झुलू: उमुन्तू – अबान्तू
धातू एकच, '-न्तू'. स्वाहिलीत त्यातील 'न्' गळाला, न्यांजात 'त' महाप्राण झाला, याओत 'न्' च्या सहवासाने 'त' चा 'द' झाला. हे बदल लहरीने होत नाहीत. त्यांना नियम असतात. नियमित ध्वनिबदल हाच भाषांच्या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा.

८/१९
याच जोडीतून कुलाचे नाव आले. जर्मन भाषाभ्यासक विल्हेल्म ब्लीक यांनी 'बा-न्तू' म्हणजे 'माणसे' हा शब्द कुलनाम म्हणून घेतला. १८६२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या तुलनात्मक व्याकरणाने तो रूढ केला. आज या कुलात सुमारे पाचशे भाषा गणल्या जातात. त्यांचे मूळ स्थान कॅमेरून-नायजेरिया सीमेजवळ मानतात. तेथून चार-पाच हजार वर्षांत त्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरल्या. पुढे माल्कम गथ्री यांनी या भाषांना विभागवार क्रमांक दिले. त्यात याओचा क्रमांक 'पी २१'.

९/१९
याओ भाषेचा प्रदेश न्यासा सरोवराच्या (आजचे मलावी सरोवर) पूर्वेला आणि दक्षिणेला. आजच्या नकाशावर मोझांबिक, मलावी आणि टांझानिया. याओ लोक मोठे व्यापारी होते. त्यांचे तांडे हस्तिदंत आणि गुलाम घेऊन किल्वा बंदराकडे जात आणि कापड घेऊन परतत. त्या कापडात भारतीय मालाचा वाटा मोठा होता आणि पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबईच्या बाजारात येत होता. याओ समाजातून गुलामांचे व्यापारी निघाले आणि त्याच समाजातली मुलेही विकली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१०/१९
अशा मुलांपैकी एक म्हणजे सिदी मुबारक, 'बॉम्बे' या नावाने प्रसिद्ध. लहानपणी तो विकला गेला, भारतात आला आणि धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन झांझिबारला परतला. १८५७ साली बर्टन आणि स्पेक यांच्या मोहिमेत तो सामील झाला. स्पेकला स्वाहिली येत नव्हती, मुबारकला इंग्रजी येत नव्हती. दोघे बोलत ते मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत! टांगानिका आणि व्हिक्टोरिया सरोवरांच्या त्या शोधयात्रेत स्पेक आणि आफ्रिका यांच्यामधला दुवा म्हणजे एका याओभाषकाने भारतात शिकलेली हिंदुस्थानी होती.

११/१९
बर्टनचाच आणखी एक धागा. सिंधमधील समाजांवरील त्याच्या १८५१ सालच्या ग्रंथात तेथील सिदींच्या भाषेतील शब्दांची छोटी यादी आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे मुंबई इलाख्याच्या भूमीवर बोलली जाणारी बांटू भाषा, अपुरी का होईना, कागदावर उतरली होती. तिकडे पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाऊन येथे कोएल या मिशनऱ्याने मुक्त गुलामांकडून शंभराहून अधिक भाषांचे शब्द गोळा करून १८५४ साली मोठा कोश छापला. घरापासून तोडलेली माणसे हीच त्या काळी आफ्रिकी भाषांच्या अभ्यासाची मुख्य साधने ठरली.

१२/१९
आता नाशिककडे. ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलाम वाहणारी गलबते पकडत असे. सुटका झालेली माणसे मुंबईत उतरवली जात. मुलांना मिशनऱ्यांकडे किंवा खासगी घरांत सोपवले जाई. चर्च मिशनरी सोसायटीचे 'आफ्रिकन असायलम' १८६० साली मुंबईहून नाशिकच्या शरणपूर येथे हलले. नाशिकचा 'शरणपूर रोड' रोज तुडवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या वस्तीत एकेकाळी याओ आणि अन्य बांटू भाषा बोलणारी मुले सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकत होती?

१३/१९
शरणपूरमध्ये मुलांना नवी नावे मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन या नावाने पुढे ओळखला गेलेला याओ मुलगा मूळचा चेंग्विम्बे. नाव बदलले, धर्म बदलला, भोवती मराठी मुलूख. अशा स्थितीत मातृभाषेचे काय होते? भाषा टिकायला ऐकणारा लागतो. एका गलबतातून उतरलेली मुले निरनिराळ्या जमातींची असत. मात्र त्यांच्या बहुतेक भाषा एकाच कुलातील असल्याने वर्गांची चौकट आणि कितीतरी शब्द समान होते. अनोळखी माणसाच्या बोलण्यात ओळखीचा 'मु-' आणि 'वा-' ऐकू येणे, हा त्या परक्या गावात केवढा आधार असेल!

१४/१९
१८६४ साली लिव्हिंगस्टन 'लेडी न्यासा' ही आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आले. सोबत चुमा आणि विकातानी ही दोन मुले होती. १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून सुटलेली. मुंबईत ती डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिली. हेच ते विल्सन कॉलेजचे विल्सन. १८६६ च्या आरंभी लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा ही दोघे आणि शरणपूरची काही मुले बरोबर गेली. मोहिमेचा मार्ग रोवुमा नदीवरून थेट याओ मुलखात जात होता.

१५/१९
न्यासा सरोवराजवळ पोहोचल्यावर विकातानीला त्याचा भाऊ भेटला. त्याने मोहीम सोडली आणि तो तेथेच राहिला. पाच वर्षांपूर्वी दोरखंडात बांधलेले मूल मुंबईमार्गे पुन्हा आपल्या माणसांत आले. चुमाने मात्र पुढचा रस्ता धरला. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत चुमा, मुंबईच्या गोदीत राबलेला सुसी आणि नंतरच्या तुकडीतून आलेले वेनराइट, वेलिंग्टन हे नाशिककर होते. दफनप्रसंगी प्रार्थना वाचली आणि झाडावर मृत्यूची नोंद कोरली ती वेनराइटने.

१६/१९
याच सुमारास याओ भाषा ग्रंथात आली. झांझिबारच्या मिशनमध्ये काम केलेल्या एडवर्ड स्टिअर यांची याओ हस्तपुस्तिका १८७१ साली, तर अलेक्झांडर हेदरविक यांची अधिक विस्तृत पुस्तिका १८८९ साली प्रसिद्ध झाली. दुसरीकडे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ साली झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. १८७५ साली मोम्बासाजवळ 'फ्रियरटाऊन' वसले, तेही शरणपूरच्याच विल्यम प्राइस यांच्या हातून. नाशिकची आफ्रिकी माणसे तेथे शिक्षक आणि कारागीर म्हणून गेली. लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत हयात होता.

१७/१९
शब्दांची ये-जा दोन्ही दिशांनी झाली. गुजरातच्या सिदींचे नृत्य 'गोमा' म्हणजे बांटू भाषांतील 'न्गोमा': ढोल, आणि त्यावरचे नृत्य. उलट दिशेने स्वाहिलीत 'दुका' (दुकान), 'गारी' (गाडी), 'लाकी' (लाख) गेले. सर्वांत गमतीदार शब्द 'किताबू', अरबी 'किताब'. शब्दारंभीचा 'कि' हा वर्गाचा प्रत्यय समजून स्वाहिलीने त्याचे अनेकवचन केले 'विताबू'. आपण 'बस' ला स्त्रीलिंग देऊन 'बस आली' म्हणतो, तसेच हे. भाषा परका शब्द घेते, पण नियम स्वतःचेच लावते.

१८/१९
इतिहासाच्या अभ्यासकाला याचा उपयोग काय? जुन्या इंग्रजी कागदांत 'मोंजू', 'अजावा', 'वाहियाओ', 'उहियाओ', 'वायाउ' अशी नावे येतात. प्रथमदर्शनी पाच जमाती वाटतात. बांटू प्रत्यय ठाऊक असले की उलगडा होतो: 'वा-' म्हणजे लोक, 'उ-' म्हणजे देश, 'कि-' किंवा 'चि-' म्हणजे भाषा. 'अजावा' हे शेजाऱ्यांनी दिलेल्या नावाचे रूप. सगळी नावे याओंचीच. व्याकरणाचा एक नियम पाच नोंदी जोडतो, आणि 'एक सिदी मुलगा' एवढीच ओळख उरलेल्या माणसाला त्याचा देश परत मिळण्याची शक्यता निर्माण होते.

१९/१९
'सिदी', 'हबशी', 'काफर' हे शब्द इतरांनी दिलेले. कारकुनाला ते पुरेसे होते. आपल्याला असू नयेत. मराठी मुलखात आलेली आफ्रिकी माणसे किमान दोन सर्वस्वी भिन्न भाषाकुलांतून आली होती, आणि त्यातल्या एका कुलाचे नाव ज्या शब्दावरून आले, त्याचा अर्थ आहे 'माणसे'. याओ भाषा आजही मलावी, मोझांबिक, टांझानियात घराघरांत बोलली जाते. तेथील कोणी नाशिकचा इतिहास विचारला, तर शरणपूरचे पान आपल्याला उघडून दाखवता आले पाहिजे.

(समाप्त. शरणपूर, डोंगरी किंवा गोदीतल्या सिदींविषयी आपल्या घरी काही आठवणी सांगितल्या जात असतील, तर खाली अवश्य लिहा. पुढील थ्रेड फ्रियरटाऊनला गेलेल्या 'बॉम्बे आफ्रिकन' मंडळींवर.)