बर्फावरची सहल आणि पगारी रजा

वैशाखाच्या उन्हात, उमापुरासारख्या गावी, बर्फावर घसरण्याच्या खेळाचा इतिहास सांगावयास उभे राहणे ही काहींना चेष्टा वाटेल. समोर बसलेल्या मंडळींपैकी कितीतरी नुकतीच ऊसतोडीवरून परतली आहेत. त्यांच्या हातांवरचे उसाच्या पात्याचे चिरे अजून भरलेले नाहीत. अशा मंडळींस बर्फाचे काय कौतुक? परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या दारी चालत आला.

आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड जोडप्याचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात कायम कामगार आहे. तो एके दिवशी हातात कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, मला बर्फावर जायचंय. ज्याला काहीच येत नाही त्यालाबी तिथं शिकवत्यात म्हणं. पंधरा रजा शिलकीत हायेत. बसवून द्या." बोनस, ग्रॅच्युइटी, बडतर्फी यांचे हिशेब आम्ही जन्मभर बसवून दिले, सहलीचा हिशेब बसवून द्या म्हणणारा हा पहिलाच. प्रथम आम्हास हसू आले. मग वाटले, हसण्याचे कारण काय? रजा त्याची, पैसा त्याचा, हौसही त्याची. मजुराच्या पोराने डोंगरावर खेळावयास जावे याचे हसू कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसास यावे, ही गोष्ट आम्हास बरी वाटली नाही. म्हणून आम्ही पुस्तके उघडली.

वस्तुतः हा खेळ श्रीमंतांनी निर्माण केलेलाच नाही. उत्तरेकडील देशांत हजारो वर्षे पायांस लाकडी फळ्या बांधून लोक शिकारीस, सरपणास व शेजारच्या गावास जात. स्की या शब्दाचा मूळ अर्थच फाडलेले लाकूड. आपल्याकडे जशी बैलगाडी, तशी तेथे ती फळी. तिचा खेळ होण्याच्या आरंभी ज्याचे नाव घेतात तो सोंद्रे नोरहाइम हा नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील मोर्गेदालचा, 1825 साली जन्मलेला एक गरीब कूळ होता. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडे, आणि त्याबद्दल मालकाच्या शेतात राबणूक. जुन्या फळ्या केवळ बोटांपाशी अडकविलेल्या असत, त्यामुळे उडी मारताच पाय सुटे. नोरहाइमने झाडाच्या लवचिक फांद्या पिळून टाचेभोवती बंध घातला. फळी पायाशी एकजीव झाली आणि वळणे, उड्या घेणे शक्य झाले. 1868 साली ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो शहरी, शर्यत होती. हा बेचाळीस वर्षांचा कूळ त्या फळ्यांवरूनच तिकडे गेला, जिंकला, आणि राजधानीच्या लोकांनी तोंडात बोटे घातली.

पुढे त्याचे काय झाले? खेळ जगभर गेला, आणि नोरहाइम पोटासाठी परदेशी गेला. 1884 साली तो कुटुंबासह अमेरिकेस निघाला. अखेर उत्तर डाकोटाच्या सपाट माळरानावर, जेथे घसरावयास डोंगर नाही अशा ठिकाणी, 1897 साली तो वारला. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे साधा दगडही नव्हता. 1952 साली ओस्लोस हिवाळी ऑलिंपिक भरले तेव्हा मशाल मोर्गेदालमधील त्याच्या झोपड्याच्या चुलीपाशी पेटविण्यात आली. ज्या चुलीवर त्याचे भागले नाही, त्या चुलीचा असा मान झाला. बीड जिल्ह्यातील माणसास ही कथा फारशी परकी वाटू नये.

त्यानंतर हा खेळ साहेबलोकांच्या हाती गेला. आल्प्सच्या उतारांवर हिवाळ्यात मुक्काम करावयाचा तर दोन गोष्टी हव्यात, पैसा आणि रिकामा वेळ. त्या ज्यांच्यापाशी होत्या ते आले. इंग्रज प्रवाशांस हिवाळ्यात स्वित्झर्लंडला नेण्याचा धंदा हेन्री लन या गृहस्थाने मांडला. हा आधी हिंदुस्थानात मिशनरी होता. त्याचा मुलगा अर्नोल्ड 1888 साली मद्रासला जन्मला आणि त्यानेच 1922 साली म्यूरेन येथे रोवलेल्या काठ्यांमधून वळत जाण्याची आधुनिक स्लालम शर्यत बसविली. मद्रासच्या उकाड्यात जन्मलेल्या मुलाने बर्फावरच्या शर्यतीचे नियम करावेत, ही गंमत येथे सांगून ठेवतो. आपल्याकडे 1927 साली गुलमर्गला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. क्लब कोणाचा व ओझी वाहणारे कोण, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु दुसरीकडे एक वेगळा प्रवाह चालू होता, आणि आमच्या मते खरा इतिहास तो आहे. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथे माथियास झ्दार्स्की या विक्षिप्त माणसाने उभ्या उताराला साजेशी पद्धत शोधली व 1896 साली तिचे पुस्तक लिहिले. त्याने ती हजारो लोकांस शिकविली आणि शुल्क म्हणून काही घेतले नाही. नवशिक्यास आज प्रथम जे शिकवितात त्याचा उगम त्याच्या या पद्धतीत सापडतो. दोन्ही फळ्यांची टोके पुढे जवळ आणावयाची, मागची टोके फाकवावयाची, आणि आतल्या कडांवर भार देत सावकाश उतरावयाचे. याला तिकडे बर्फाचा नांगर म्हणतात. भार अधिक दिला की वेग कमी होतो. एका पायावर दिला की माणूस विरुद्ध बाजूस वळतो. ज्याने नांगराच्या रुमण्यावर हात दाबून तास सरळ ठेवला आहे, त्यास ही युक्ती समजण्यास अडचण पडणार नाही.

याच सुमारास, 1895 साली, व्हिएन्नाच्या कामगार वर्तमानपत्रात गेओर्ग श्मीडल नावाच्या शिक्षकाने एक छोटी जाहिरात दिली की, निसर्गाची आवड असणाऱ्यांनी भेटावे. त्यातून निसर्गमित्र नावाची कामगारांची संघटना निघाली. तिच्या संस्थापकांत एक लोहार होता, आणि पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झालेला कार्ल रेनर हा त्या वेळचा विद्यार्थीही होता. एकमेकांस भेटताना ते 'डोंगर मोकळा' अशा अर्थाचे शब्द उच्चारीत, कारण त्या काळी डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद असत. रविवारी लोक आपल्या हातांनी दगड वाहून डोंगरात निवारे बांधीत. कामगारांची स्वतःची हिवाळी ऑलिंपिकेही झाली: 1925 साली श्रायबरहाऊ येथे, 1931 साली म्यूर्त्सत्सुश्लाग येथे. मग 1933 साली जर्मनीत व 1934 साली ऑस्ट्रियात ही संघटना बंद पाडण्यात आली. हिटलरने कामगार संघ मोडले आणि त्यांच्या जागी सरकारी सहलींचे खाते उघडले. सहल दिली, संघ काढून घेतला. फुकटच्या सहलीचे कोणी आमिष दाखविले की आम्हास हे प्रकरण आठवते.

फ्रान्समध्ये उलट घडले. 1936 च्या मे-जूनमध्ये कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडले आणि त्या संपाच्या जोरावर दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रजेवर जाणाऱ्या कामगारास रेल्वेभाड्यात 40 टक्के सूट मिळवून दिली. अनेक कामगारांनी समुद्र व डोंगर त्या वर्षी प्रथमच पाहिले. पुढे 1953 साली पॅरिसच्या उपनगरातील शाळकरी मुलांचा अख्खा वर्गच शिक्षकासह बर्फात नेण्यात आला. सकाळी पाटी, दुपारी फळ्या. डोंगरावर चढविणारा पाळणाही असाच मजुरीतून आला. 1936 साली अमेरिकेत सन व्हॅली येथे जगातील पहिला खुर्चीचा पाळणा बसविला, तो जहाजावर केळीचे घड चढविण्याच्या यंत्रावरून सुचलेला होता. हमालाचे ओझे हलके करणारे यंत्र प्रथम साहेबाची चढण हलकी करावयास गेले. असो.

आता आपल्या घरी येऊ. ज्या 1884 साली नोरहाइमने देश सोडला त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. पहिली मागणी आठवड्यास एक दिवस सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तोच द्या, असा लोखंड्यांचा युक्तिवाद सांगतात. 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. ती बिनपगारी होती, पण होती. पगारी रजा यावयास आणखी पन्नासाहून अधिक वर्षे लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि 1945 साली वर्षाच्या सलग नोकरीमागे दहा दिवस पगारी सुट्टीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने, वर्षात 240 दिवस भरणाऱ्यास दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा हिशेब घातला. 2020 साली संसदेने केलेल्या संहितेत 240 ची अट 180 वर आणण्यात आली.

या हिशेबानेच आम्ही त्या मुलाची सहल बसविली. हिमाचलातील मनाली येथे 1961 साली स्थापन झालेली सरकारी पर्वतारोहण संस्था आहे. तिचे स्कीचे वर्ग सोलंगच्या उतारांवर चालतात. नवशिक्यांचा वर्ग चौदा दिवसांचा. उतार रुंद आणि सौम्य. गुलमर्ग थोर खरे. तेथील पाळण्याचा पहिला टप्पा 1998 साली आणि दुसरा 2005 साली झाला, आणि त्याच मुलखातील आरिफ खान 2022 साली बीजिंगच्या ऑलिंपिकपर्यंत गेला; परंतु अफरवतच्या माथ्यावरून घसरणे हे पहिल्या वर्षीचे काम नव्हे. उत्तराखंडातील औलीस सात दिवसांचाही वर्ग असतो. परंतु पायथ्याच्या जोशीमठास 2023 च्या जानेवारीत जमीन खचून घरांस तडे गेले, रोपवे बंद ठेवावा लागला, तेव्हा ते नाव आम्ही खाली ठेवले. काळ निवडतानाही सावध राहावे लागते. जानेवारी 2024 मध्ये महिन्याचा बराच काळ गुलमर्गासही बर्फ पडले नव्हते, आणि 2025 साली तेथील खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीवरून मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून जानेवारीच्या आरंभीचा वर्ग टाळून फेब्रुवारीचा धरावा, असे ठरले.

जावयाचे कसे? छत्रपती संभाजीनगरहून सचखंड एक्सप्रेसने अंबाला, तेथून चंदीगडमार्गे मनालीची बस. जाण्याचे दोन दिवस, येण्याचे दोन. चौदा आणि चार, अठरा. रजा पंधरा. मुलाचे तोंड उतरले. तेव्हा आम्ही त्यास कायद्यातील एक ओळ दाखविली: रजेच्या काळात येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजावयाच्या नाहीत. त्याच्या कारखान्याची सुट्टी रविवारची. रविवारी निघाल्यास अठरा दिवसांत रविवार तीन पडतात. पंधरा रजा बाबासाहेबांच्या कायद्यातून आलेल्या, आणि तीन रविवार लोखंड्यांचे. हिशेब तंतोतंत बसला. वर्गाची तारीख मात्र संस्था ठरविते, तेव्हा ती मंगळवारी सुरू होणारी मिळेल तरच हे गणित खरे. नाहीतर एखादी बिनपगारी रजा घ्यावी लागेल. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा, आणि पोच घ्यावी. पोच घ्यावी हे आम्ही दोनदा सांगितले.

मग तो म्हणाला, "काका, त्या टायमाला आई-दादा फडात असत्यात."

हे खरेच. दसरा-दिवाळीनंतर गाव रिकामे होते ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. ज्या महिन्यांत डोंगरावर बर्फ असते नेमक्या त्याच महिन्यांत आपला जिल्हा कोपीत राहतो आणि रात्रीतून उठून मोळ्या भरतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली. हंगाम मुकादमाच्या वहीत. रजा हा शब्द त्या वहीत नाही. तेथे शब्द आहे खाडा. आजारी पडा, बाळंत व्हा, दिवस गेला की त्याचे पैसे मिळत नाहीतच, वर दंड चढतो, पाचशे रुपये आणि त्याहून अधिक. 2019 साली याच जिल्ह्यातील तोडणी करणाऱ्या बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे प्रकरण निघाले आणि सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा खाड्याची भीती हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. कारखाना म्हणतो, ही माणसे मुकादमाची; मुकादम म्हणतो, ऊस कारखान्याचा. मालकच सापडत नाही, तर रजेचा अर्ज द्यावयाचा कोणास? 1884 साली लोखंड्यांपाशी निदान गिरणीमालकाचे नाव होते. रविवारच्या सुट्टीची मागणी उसाच्या फडासाठी अजून मांडावयाची आहे. पुढील हंगामाच्या करारात दराबरोबर आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि खाड्याची बंदी लिहून घ्यावी, असा ठराव या गावातून जावा, म्हणूनही आम्ही येथे उभे आहोत.

आईबाप फडात असताना आपण बर्फावर जावे काय, असे त्या मुलास विचारावयाचे होते. आम्ही सांगितले, जावे. तो गेला नाही म्हणून त्यांच्या पाठीवरची एकही मोळी उतरणार नाही.

चार दिवसांनी त्याचे वडील आमच्याकडे आले. कारखान्यावरून येऊन त्यांना आठवडा झाला होता. मुलाने सगळे सांगितले होते. बर्फ, फळ्या, मनाली यांविषयी त्यांनी काही विचारले नाही. बराच वेळ बसून राहिले, चहा घेतला, आणि मग म्हणाले, "अठरा दिस पोरगं कामावर न्हाई. मग खाड्याचे किती कापत्यात?"

आम्ही म्हणालो, कापीत नाहीत, पगार देतात.

त्यांनी ते पुन्हा एकदा सांगावयास लावले.