फिनिक्स (चित्रपट)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त बर्लिनमध्ये घडणारा जर्मन चित्रपट (२०१४). दिग्दर्शन क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचे. पटकथा पेट्झोल्ड आणि चित्रपटविद्यालयातले त्यांचे शिक्षक हारून फारोकी यांची. प्रमुख भूमिका नीना होस, रोनाल्ड झेरफेल्ड, नीना कुन्झेनडॉर्फ. छायाचित्रण हान्स फ्रॉम. लांबी ९८ मिनिटे. ह्यूबेर माँतेये यांच्या १९६१ मधल्या फ्रेंच कादंबरीवर तो सैलपणे बेतलेला आहे. त्याच कादंबरीवर जे. ली टॉम्पसन यांनी १९६५ मध्ये ‘रिटर्न फ्रॉम द ॲशेस’ हा इंग्रजी चित्रपट काढला होता. पेट्झोल्ड-फारोकींनी कथा फ्रान्समधून बर्लिनला नेली. त्या एका बदलाने साध्या रहस्यकथेला वेगळेच वजन आले.

नेली लेंझ ही ज्यू गायिका ऑशवित्झच्या छळछावणीतून वाचून परतली आहे. गोळी लागून तिच्या चेहऱ्याची दशा झाली आहे. तिचे सगळे घराणे मारले गेल्यामुळे कुटुंबाची मालमत्ता तिच्याकडे येते. शल्यविशारद तिला सुचवतो की हवा तसा नवा चेहरा घ्या, यात सोयच आहे. नेलीला मात्र आपला जुनाच चेहरा हवा असतो. तो पूर्वीसारखा जमत नाही. तिची मैत्रीण लेने दोघींनी पॅलेस्टाइनला जाऊन राहण्याची तयारी करत असते. नेली रात्री-अपरात्री ढिगाऱ्यांतून नवऱ्याला, जॉनीला, शोधत फिरते. तो तिला अमेरिकन विभागातल्या ‘फिनिक्स’ नावाच्या क्लबात सापडतो. एकेकाळचा हा पियानोवादक आता तिथे टेबले आवरतो. तो तिला ओळखत नाही. आपल्या मेलेल्या बायकोशी हिचे साम्य आहे, एवढेच त्याला जाणवते. हिला नेली म्हणून उभी करायची आणि वारसा पदरात पाडून घ्यायचा, असा त्याचा बेत. नेली गप्प राहून स्वतःचेच सोंग वठवायला तयार होते.

यानंतर तळघरातल्या खोलीत चालणारी तालीम हा चित्रपटाचा गाभा आहे. जॉनी तिला नेलीचे अक्षर गिरवायला लावतो, चालणे शिकवतो, केस रंगवायला सांगतो. अक्षर हुबेहूब उतरते तेव्हाही त्याला संशय येत नाही. स्टेशनवर उतरताना तिने लाल पोशाख आणि पॅरिसचे बूट घालायचे, असे तो ठरवतो. छावणीतून आलेली बाई अशी दिसते का, या तिच्या प्रश्नावर त्याचे उत्तर तयार असते: छावणीबद्दल कोणी काही विचारणार नाही. तसेच घडते.

नवरा बायकोला ओळखत नाही हे पटत नाही, असा आक्षेप या चित्रपटावर घेतला गेला. तो तितकासा टिकत नाही. जॉनीला दिसत नाही, कारण ती जिवंत असेल तर त्याच्या वागण्याचा हिशेब द्यावा लागेल. नेलीच्या अटकेच्या सुमारास त्याने तिला घटस्फोट दिला होता, हे पुढे कागदपत्रांतून उघड होते. शिवाय युद्धोत्तर जर्मन सिनेमाने हेच केले होते. वोल्फगांग श्टाउडे यांच्या १९४६ च्या ‘मारेकरी आमच्यातच आहेत’ या पहिल्या ‘ढिगारा-चित्रपटा’त हिल्डेगार्ड क्नेफची नायिका छावणीतून परतते ती अगदी नीटनेटकी, टवटवीत. जॉनीला हवी आहे ती अशीच परतलेली बाई. मृत स्त्रीच्या साच्यात दुसरीला घडवण्याच्या कल्पनेमुळे समीक्षकांना हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) आठवला. पण तिथे कॅमेरा बराच काळ पुरुषाबरोबर असतो, इथे तो घडवल्या जाणाऱ्या स्त्रीबरोबर.

चित्रपटभर घुमणारे ‘स्पीक लो’ हे गाणे कुर्ट वाइल यांचे, १९४३ च्या ब्रॉडवे संगीतिकेतले. शब्द ऑग्डेन नॅश यांचे. वाइल हे १९३३ मध्ये जर्मनी सोडावे लागलेले ज्यू संगीतकार, म्हणून ही निवड नेमकी आहे. शेवटी मित्रमंडळींसमोर नेली हे गाते, जॉनी साथ करतो. आवाज खुलत जातो, बाही सरकते, हातावरचा छावणीचा क्रमांक दिसतो आणि त्याची बोटे थांबतात. होस यांनी हा प्रसंग आवाजाच्या चढावर पेलला आहे. अश्रू, जाब विचारणे, काहीच नाही. त्यामानाने लेनेची व्यक्तिरेखा अपुरी राहते. तिच्या आत्महत्येची बातमी घाईत उरकली जाते.

चित्रपट पहिल्यांदा टोरांटो महोत्सवात दाखवला गेला, त्याआधी काही आठवडे, ३० जुलै २०१४ रोजी फारोकी वारले होते. सान सेबास्टियन महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. फ्रांकफुर्टमधले ऑशवित्झ खटले (१९६३–६५) उभे करणारे सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांना तो अर्पण केलेला आहे.