लोण

परभणी जिल्ह्यात देवगाव फाट्याला सेलूचा रस्ता फुटतो. या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्रस्तरीय स्पर्धा तोंडावर आल्या की सकाळच्या प्रार्थनेआधीच गुरुजी मैदानात उतरतात. काळ्या मातीच्या भेगा बुजवून झालेल्या असतात. दोन पोरं सुतळीची दोन टोकं धरून उकिडवी बसतात, सुतळी ताणली जाते आणि तिच्या कडेकडेने गुरुजी मुठीतून फक्की सोडत जातात. पांढरी रेघ उमटते. कुणी चुकून तिच्यावर पाय दिला, तर बाकीची पोरं त्याच्यावर तुटून पडतात.

ही रेघ इथवर पोहोचली कशी, याचं उत्तर एका शब्दात आहे: लोण. आट्यापाट्यांत नऊ पाट्यांवर नऊ गडी वाट अडवून उभे असतात. हूल देत, कोंडी फोडत जो शेवटची पाटी ओलांडतो आणि तसाच परत फिरतो, तो लोण आणतो. कबड्डीने हाच शब्द घेतला. सगळा संघ बाद झाला की लोण चढतं. एखादी गोष्ट गावोगाव पसरली की ‘हे लोण इथवर आलं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडी पाट्यांचा खेळच असतो.

खेळ जुनेच. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुंबरी, चेंडूफळी येतात. नवी होती ती लिहिलेल्या नियमांची वही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास खो-खोला नियमांत बसवलं. हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम साताऱ्यात बांधले गेले, 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ते पक्के केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. तिथे शिकलेले शिक्षक नियमांची वही घेऊन शाळाशाळांत गेले.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. वरच्या वर्गांत शिकवण्याची भाषा उर्दू, आणि 1929 च्या ‘गश्ती निशान 53’ या परिपत्रकामुळे साध्या सभेलाही परवानगी लागायची. आपल्या गावठाणातली पोरं हुतुतू खेळत होतीच, पण त्याला शाळेत जागा नव्हती. 17 सप्टेंबर 1948 ला राज्य मुक्त झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. म्हणजे पुण्याहून निघालेलं लोण आमच्याकडे एक अख्खी पिढी उशिरा पोहोचलं. त्या पिढीतल्या पोरांना आपला खेळ शाळेतही खेळता येतो हे कधी कळलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आयर्लंडचं उदाहरण इथे आठवतं. 1884 साली थर्ल्स गावात मायकेल क्युसॅक या शिक्षकाने पुढाकार घेऊन गेलिक खेळांची संघटना उभी केली. तिथे हर्लिंगसारखे देशी खेळ वाचवायला इंग्रजी खेळांवर बंदी घातली गेली, ती 1971 पर्यंत टिकली. आपण क्रिकेटला कधी बंदी घातली नाही. आपल्याकडे खेळ टिकला तो स्वस्ताईमुळे आणि मास्तरांच्या जिवावर. खो-खोला दोन खांब आणि फक्की पुरते. ज्या शाळेत बॅट घ्यायला पैसे नाहीत तिथेही तो मांडता येतो.

नियमांनी काही हिरावूनही नेलं. हुतुतूचे तीन प्रकार होते. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदान सोडत नसे, नुसता गुण मोजायचा. ‘गामिनी’त बाद झालेला बाहेरच राही, सगळा संघ संपेपर्यंत. ‘संजीवनी’त समोरचा एक बाद झाला की आपला एक परत येई. स्पर्धेने संजीवनीच उचलली आणि बाकीची दोन नावं आजच्या पोरांना ठाऊकही नाहीत. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’च्या तासाला कुणी गुरुजींनी एकदा तरी गामिनीचा डाव मांडावा, असं मला फार वाटतं.

आणि ‘खो’चं बघा. बोलण्यात खो घालणं म्हणजे आडकाठी आणणं. मैदानात मात्र खो देणं म्हणजे पाठलाग दुसऱ्याच्या हाती सोपवणं. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्याची, आमच्या मराठवाड्याची. ते लोण आता इथून बाहेर निघालं होतं.

रेघा ओढून झाल्या की गुरुजी सुतळी गुंडाळतात. आठ मुली मधल्या पाटीवर बसतात, एकीचं तोंड उगवतीला, शेजारणीचं मावळतीला. नववी पळायला लागते. बसलेल्या आठही जणी पायाच्या बोटांनी माती घट्ट धरून, मागून पाठीवर हात कधी पडतो याची वाट बघत असतात.