हिमाचे यजमान आणि उन्हाळी मुलखाचे पाहुणे

जालन्याहून वाटूरमार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मंठा हे गाव ज्या मुलखात वसले आहे, तेथील हिवाळा म्हणजे शाळू, हरभरा, हुरडा आणि पहाटेची शेकोटी एवढाच असतो. हिवाळ्यात डोंगर बर्फाने झाकले जावेत, त्या बर्फावर घसरण्याच्या शर्यती लावाव्यात आणि एखाद्या राष्ट्राने त्यासाठी साऱ्या जगाला आमंत्रण धाडावे, हा प्रकार येथील कुणबिकीच्या अनुभवात कोठेच बसणारा नाही. परंतु परमुलखातील गड्याला सन्मानाने बोलावून आपल्या मातीत उतरविणे ही गोष्ट मात्र येथे पूर्वापार परिचयाची आहे. जत्रेच्या दिवशी वर्गणीच्या पैशातून कुस्त्यांचा फड भरवावा, हलगीच्या ठेक्यावर पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून आरंभ करून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत पंचांनी निवाडा द्यावा आणि परगावचा मल्ल जिंकला तरी बक्षीस त्याच्याच हाती ठेवावे, हा यजमानधर्म मराठवाड्याच्या गावगाड्याला शिकवावा लागला नाही. त्याच धर्माचा जागतिक इतिहास, म्हणजे ऑलिंपिकच्या यजमानपदाचा इतिहास, ह्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे तो निराळाच दिसू लागतो.

अथेन्सला १८९६ साली आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, म्हणजे १९२४ साली, फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी स्पर्धांचा प्रारंभ झाला. उन्हाळी स्पर्धांचे यजमानपद ज्या राष्ट्राकडे असेल, त्याचाच हिवाळी स्पर्धांवर पहिला हक्क, असा त्या काळचा रिवाज होता. म्हणून १९२४ साली फ्रान्स, १९३२ साली अमेरिका आणि १९३६ साली जर्मनी ह्या राष्ट्रांनी एकाच वर्षात दोन्ही स्पर्धा भरविल्या. १९२८ साली मात्र पाळी हॉलंडची होती, आणि त्या सपाट देशात डोंगरच नसल्यामुळे हिवाळी स्पर्धा स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे न्याव्या लागल्या. पुढे इटली, जपान, कॅनडा, रशिया, दक्षिण कोरिया आणि चीन ह्यांनीही वेगवेगळ्या वर्षी दोन्ही मान मिळविले. बीजिंग तर २००८ आणि २०२२ मिळून दोन्ही स्पर्धा भरविणारे पहिलेच शहर ठरले. रशियाच्या खाती सोव्हिएत काळातील मॉस्को धरले, तरी हा दुहेरी मान लाभलेली राष्ट्रे अवघी नऊच भरतात. हिम निसर्गाने द्यावे आणि खजिना इतिहासाने, असा योग फारच थोड्यांच्या वाट्याला आला.

यजमानांची ही नामावळी सर्वत्र सापडते. पाहुण्यांच्या बाजूने लिहिलेली बखर मात्र दुर्मिळ आहे. त्या बखरीत मराठी मुलखाचे पान उघडते १९२० साली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे गडी पाहून सर दोराबजी टाटा ह्यांच्या मनात हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना दृढ झाली, आणि त्यांच्या औदार्याच्या आधारावर बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि मल्ल रणधीर शिंदे ही मंडळी बेल्जियममधील अँटवर्पला पोहोचली. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत जाऊन परतले. ज्या यजमानाच्या दारी ते गेले, त्याचा देश महायुद्धाने नुकताच उद्ध्वस्त केला होता, आणि सोसलेल्या त्या यातनांच्या गौरवार्थच त्याला हा मान देण्यात आला होता.

दुसरे दार बर्लिनचे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसारखे देशी खेळ व व्यायामप्रकार करून दाखविले. बर्लिनचा थाट अपूर्व होता. पण तो थाट सत्तेच्या प्रदर्शनासाठी मांडलेला होता, हे जगाला पुढे फार मोठी किंमत देऊन कळले.

तिसरे व चौथे दार उघडले ते सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या मल्ल खाशाबा जाधवांसाठी. १९४८ साली लंडनमध्ये अन्नाचे रेशनिंग चालू होते, नवे क्रीडागार एकही बांधले गेले नव्हते, आणि खेळाडूंची सोय लष्करी छावण्यांतून व महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून करण्यात आली होती. त्या काटकसरीच्या यजमानाकडे कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने गेलेले खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, बँटमवेट गटातील कांस्य, घेऊन घर गाठले. यजमान फिनलंडही तेव्हा सुखवस्तू नव्हता. १९४० च्या स्पर्धांसाठी बांधलेले त्याचे क्रीडागार युद्धामुळे बारा वर्षे त्या सोहळ्याची वाट पाहत राहिले होते, आणि सोव्हिएत रशियाला द्यावयाच्या युद्धखंडणीचा शेवटचा हप्ता त्याने स्पर्धा आटोपल्यानंतर त्याच वर्षी फेडला.

ह्यांपैकी पहिली तीन दारे उघडली तेव्हा मंठा निजामाच्या अमलाखालील परभणी जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले ते लंडनच्या स्पर्धा आटोपून महिना उलटल्यावर, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा हा भाग परभणीतून त्यात आला. अशा मुलखाने जगाचे यजमानपद मागावे, अशी ऐपत त्याची कधीच नव्हती; परंतु मराठी मुलखापुरता मान त्याने एकाहून अधिक वेळा निभावला. १९६१ साली औरंगाबादला झालेल्या कुस्तीच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले, आणि २०१८ च्या डिसेंबरात खुद्द जालन्यात मातीवरच्या बाला रफीक शेखने गादीवरच्या अभिजित कटकेला हरवून ती गदा मिळविली. पुण्याजवळील बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ साली तेथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा महाराष्ट्राच्या यजमानपदाने देशाची सीमा ओलांडली. हिमाचे यजमानपदही भारताच्या वाट्याला अगदीच आले नाही असे नव्हे. २०११ साली डेहराडून व औली येथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा भरल्या होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०३६ च्या उन्हाळी ऑलिंपिकची मनीषा पंतप्रधानांनी त्याच व्यासपीठावरून जाहीर केली. ती आकांक्षा अनुचित नाही. तथापि वरील चार दारांचा अनुभव असा की, बेल्जियम, लंडन आणि हेलसिंकी ह्या यजमानांची कीर्ती त्यांच्या वैभवामुळे टिकली नाही, आणि बर्लिनच्या वैभवाने त्याची अपकीर्ती झाकली नाही. शिवाय पाहुणा होण्याचाही एक खर्च असतो, आणि आपल्याकडे तो दीर्घकाळ एखाद्या उद्योगपतीने, महाराजाने किंवा गहाण पडलेल्या घराने उचलला. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ साली पॅरिसच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावला, तेव्हा त्याच्या पाठीशी लष्कर उभे होते. म्हणजे तो खर्च अखेर समाजाच्या जमाखर्चात आला. यजमानपदाच्या दफ्तरात क्रीडागारांची लांबीरुंदी नोंदविण्याआधी मंठ्यासारख्या तालुक्यातून निघणाऱ्या पुढच्या खेळाडूच्या खर्चाची तरतूद कायमस्वरूपी लिहून ठेवली, तर ती खाशाबांच्या प्राचार्यांच्या ऋणाची उशिराची का होईना, पण रीतसर फेड ठरेल.