वैशाखातला चीक

एम्प्रेस मिलचा भोंगा वाजतो आणि तुम्हाला जाग येते. बाहेर अजून अंधार आहे. अंगणात गारव्याला निजलेल्या पोरांना आजी उठवते आहे, कारण त्यांच्या बाजा आता कुरडयांना हव्यात. साल १९४०, नागपूरची इतवारी, कोष्ट्याचं घर. हातमागाची खटखट अजून सुरू व्हायची आहे. मृग लागायच्या आत वर्षाची वाळवणं उरकायला हवीत.

आधी वास येतो, आंबूस, नाकात बसणारा. गहू तीन दिवस भिजत होता. रोज पाणी बदललं तरी आंबायचा तो आंबलाच. काल तो पाट्यावर वाटून ओल्या फडक्यातून पिळून काढला. रात्रभर निवळल्यावर वरचं पिवळट पाणी आजी अलगद ओतून देते. तळाशी घट्ट, पांढराशुभ्र चीक.

“काहून उभे राह्यले, बाप्पा? हात धुवा अन् घोटा.”

लाकडी दांडा तुमच्या हाती येतो. पितळी पातेल्यात मीठ-हिंगाचं पाणी खळखळतंय. सून चिकाची बारीक धार सोडते, तुम्ही घोटत राहता. दंड भरून येतात, धुरानं डोळे चुरचुरतात, पण थांबलात तर गाठी होतील. हळूहळू पांढरेपणा जातो, चकाकी येते. आजी ओलं बोट वरून टेकवते. चिकटत नाही. झालं. इतकं नेमकं माप मला कुठल्याही पाककृतीत सापडलेलं नाही.

गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा. निवला की तार तुटते. बायकांचे तळवे लालबुंद होतात. बाजेवरच्या जुन्या लुगड्यावर एकेक जाळीदार कुरडई उमटत जाते. गव्हाचा चोथाही वाया जात नाही, तिखट-मीठ घालून त्याच्या भुसवड्या होतात.

उन्हं तापतात. रामटेकच्या गाडीनं आलेली बाई दारात टोपली उतरवते. जंगलात वेचलेली टेंभरं, काळीजांभळी चारं. ओंजळभर ज्वारी तिच्या पदरात पडते आणि चारं पोरांच्या हातात. गर खायचा, बी मात्र थुंकायची नाही. आजीनं वाटी पुढं धरली आहे. वाळवून जात्यावर भरडली की त्यातून चारोळी निघणार, ती दिवाळीच्या गोडात पडणार.

या अंगणात सगळं पुढच्यासाठी चाललंय. फक्त पातेल्याच्या बुडाला उरलेला चीक ठेवता येत नाही. दुपारपर्यंत त्याचा दगड होईल. आजी तो खरवडून पळसाच्या द्रोणात घालते, मधे बोटानं खळगा करते, त्यात जवसाचं तेल ओतते.

“फुंकून खा.”

तुम्ही फुंकत नाही. जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येतं, आणि रिकामा द्रोण तुम्ही पुन्हा पुढं करता.